वीस फूट सरळ नजर

नालासोपारा पूर्वेला, तुळिंजमध्ये, वीस फूट सरळ बघता येईल असं एकही घर नव्हतं. हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण वीस फूट बघायची वेळच कुणावर आली नव्हती. हॉलमधून टीव्ही दिसावा, स्वयंपाकघरातून दारात कोण आलंय ते दिसावं आणि गॅलरीतून पाण्याचा टँकर दिसावा. एवढं दिसलं की संसार होतो. बिल्डरनं त्याहून जास्त नजरेची तरतूद केलेली नव्हती.

ही गोष्ट उजेडात आणली हर्षवर्धन कोचरेकरनं, एका रविवारी दुपारी, आई झोपलेली असताना. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीपासून हॉलच्या दारापर्यंत त्यानं टेप धरली. मग पुन्हा धरली. मग नाकावरचा चष्मा पुसून तिसऱ्यांदा धरली. घर भरलं बारा फूट आणि चपलांचं कपाट.

वीस फूट हवे होते ते अक्षरांच्या तक्त्यासाठी. तक्ता तितक्या अंतरावर टांगायचा, माणसाला समोर बसवायचं, एक डोळा झाकायचा आणि म्हणायचं, "वाचा." डोळे तपासण्याच्या धंद्याचा सगळा डोलारा या वीस फुटांवर उभा आहे. ज्याच्याकडे ते नाहीत, त्यानं फार तर कान तपासावेत.

हर्षा कामाला होता आगाशीच्या बाजारात, ‘सांता लुसिया ऑप्टिशियन्स’मध्ये. दुकान इग्नेशियस सरांचं. गल्ल्याच्या वर संत लुसियाची तसबीर होती. संतीणबाईंच्या हातात तबक आणि तबकात दोन डोळे. हर्षाच्या आईनं ती तसबीर एकदाच पाहिली आणि "माणसं चांगली आहेत ना रे?" एवढंच विचारलं होतं.

हर्षाचं काम बाहेर, काउंटरवर. चष्मे पुसायचे, दांड्यांचे स्क्रू आवळायचे, नाकावर रुतणाऱ्या फ्रेमा हलक्या हातानं वाकवायच्या, आणि गिऱ्हाईकानं आरशात बघून "कसा दिसतो?" असं विचारलं की "भारदस्त" म्हणायचं. काउंटरमागे एक काळा पडदा होता आणि पडद्यामागे आतली खोली. तिथे भर दुपारी तिन्हीसांजा असायच्या. त्या तिन्हीसांजेत नेल्सन नावाचा तंत्रज्ञ उंच स्टुलावर बसून, रेटिनोस्कोप नावाची टॉर्चसारखी दांडी समोरच्याच्या डोळ्यावर धरायचा. एकदा त्यानं हर्षाला तिच्यातून बघू दिलं होतं. समोर भातशेती करणारे कुणी आजोबा होते. काळोखात आजोबा दिसत नव्हते. दिसत होती फक्त त्यांची बाहुली, आणि तिच्यात आतून पेटलेला शेंदरी उजेड. दांडी जराशी हलवली की देवघरातल्या समईवर फुंकर गेल्यासारखा तो उजेड हलायचा.

त्या दिवशी विरारपर्यंत आपण एसटीत उभे होतो की बसलो होतो, हे हर्षाला शेवटपर्यंत आठवलं नाही. माणसं डोक्यात असा दिवा लावून हिंडतात, रेशनच्या रांगेत भांडतात, सुट्या पैशांवरून घासाघीस करतात आणि त्यांना पत्ताच नसतो! पुढे कितीतरी दिवस तो कंडक्टरकडेसुद्धा आदरानं बघत होता.

आणि आता नेल्सन नाताळाआधी मस्कतला चालला होता. स्टूल रिकामं होणार होतं.

हर्षानं शब्द टाकला तेव्हा इग्नेशियस सरांनी त्याला त्याच दिवशी एक पेशंट दिली. अर्नाळ्याची कमळी, मासळीची पाटी दुकानाबाहेर ठेवून आत आली होती. "डोल्यांतून सारकं पानी येतंय," ती म्हणाली. हर्षानं तिच्या नाकावर ट्रायल फ्रेम चढवली. ही फ्रेम म्हणजे काचा बदलता येणारा एक जडशीळ लोखंडी चष्मा. तो घातला की माणूस वैमानिक तरी दिसतो, नाहीतर घुबड. हर्षानं एक काच लावली, काढली, दुसरी लावली.

"मावशी, ही बरी की ही?"

"दोनी बऱ्या हायेत."

"तसं नाही. जास्त स्पष्ट कुठली?"

कमळीनं त्याच्याकडे मायेनं बघितलं. "तुला जी परवडंल ती दे, बाबा. माजं काय नाय."

सर पडदा धरून उभे होते. कमळी गेल्यावर म्हणाले, "बघितलंस? तोंडाला विचारलं की तोंड उत्तर देतं. डोळ्याला कोण विचारणार?"

"पुन्हा एकदा संधी द्या, सर."

"देतो की. ही काचांची जुनी पेटी ने, हा जुना रेटिनोस्कोप ने. एक माणूस तपास आणि त्याला इथे घेऊन ये. मी पुन्हा तपासणार. तुझा नंबर जुळला तर स्टूल तुझं. नाही जुळला तर नेल्सनच्या जागी मी दुसरा माणूस बघितलाय."

"कुठलाही माणूस चालेल?"

"कुठलाही कसा चालेल? ज्याला चष्मा नकोय असा आण. चष्मा हवा असलेला माणूस मदत करतो रे. त्याला तपासणी म्हणत नाहीत, त्याला गप्पा म्हणतात."

तर असे ते वीस फूट.

हर्षानं आधी आईच्या कपाटाच्या आरशाचा उपाय करून बघितला. दुकानातही आरसाच होता. तक्ता पेशंटच्या डोक्यामागे, पेशंट बघतो आरशात, दहाचे वीस फूट होतात. फक्त दुकानातल्या तक्त्यावरची अक्षरं मुद्दाम उलटी छापलेली होती आणि हर्षाच्या तक्त्यावरची सरळ. हे त्याच्या ध्यानात आलं नाही. आईनं एक डोळा झाकून आरशात बराच वेळ बघितलं.

"मला दिसत नाही असं नाही," ती म्हणाली, "पण हे मराठी नाहीये."

मग एकच मार्ग उरला. आपलं दार उघडायचं, मधला पॅसेज ओलांडायचा, समोरच्या घराचं दार उघडायचं आणि तक्ता त्यांच्या हॉलच्या भिंतीवर टांगायचा. पेशंट कोचरेकरांच्या गॅसच्या ओट्याशी, अक्षरं समोरच्यांच्या घरात. टेपनं मोजलं तर बरोब्बर वीस फूट. जणू विधात्यानंच आखून ठेवले होते.

अडचण एवढीच की समोरचं घर यमुनाकाकूंचं होतं.

यमुनाकाकू म्हणजे त्या इमारतीची नजर. त्यांची गॅलरी रस्त्यावर उघडायची आणि त्या गॅलरीत दुसऱ्या कुणी उभं राहायची पद्धत नव्हती. कोण कुणाबरोबर कुठे गेलं, कुणाच्या हातात कसली पिशवी होती, हे काकू सांगत आणि शेवटी म्हणत, "ह्या डोळ्यांनी बघितलंय." यानंतर अपील नव्हतं. काही वर्षांपूर्वी त्यांनी ह्याच डोळ्यांनी हर्षाचे वडील सुधाकरराव यांना रस्त्याच्या टोकाशी, भजीच्या गाडीजवळ, एका बाईशी बोलताना बघितलं होतं. पिवळी साडी, लाल काठ.

सुधाकरराव वालीवच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. कंपनीची गाडी संध्याकाळी त्यांना टोकाशी सोडायची. तिथे ते बटाट्याची भजी खायचे आणि निळी डब्याची पिशवी हलवत घरी यायचे. याखेरीज त्यांच्या आयुष्यात काहीही घडलेलं नव्हतं. हर्षाची आई दोन-तीनदा अचानक जाऊन धडकली होती, पण तिथे नुसते सुधाकरराव आणि भजी. "मला बघून सटकली," असा तिनं निष्कर्ष काढला. तेव्हापासून ती यमुनाकाकूंशी बोलत नव्हती, कारण त्यांनी ते सांगितलं. आणि सुधाकररावांशी बेतानं बोलायची, कारण ते खरं असू शकत होतं. कोचरेकरांची गॅलरी पडली मागे, गटाराच्या बाजूला. त्यामुळे शहानिशेची सोय नव्हती. सुधाकररावांनी सुरुवातीला पुष्कळ इन्कार केला. पुढे पुढे मात्र ते कामावर जाताना इस्त्रीचा शर्ट घालू लागले.

अशा घरात तक्ता टांगायचा होता. हर्षा जीव मुठीत धरून गेला, तर काकू चक्क हो म्हणाल्या.

"लाव की. पण दार उघडं असेल तेवढा वेळ मी हॉलमध्येच बसणार."

म्हणजे कोचरेकरांच्या स्वयंपाकघरात सरकारमान्य नजर. हे ऐकून हर्षाची आई आधी ताठरली. मग तिनं पितळेचे डबे घासून पुढे मांडले आणि ठेवणीतली साडी नेसून कांदे चिरायला घेतले.

तेवढ्यात सोसायटीचं पत्र आलं. सेक्रेटरी जयवंतराव कुठल्या तरी सरकारी खात्यातून निवृत्त झाले होते, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नव्हतं. ‘आपण आपली नजर सोसायटीच्या सामाईक पॅसेजमधून आरपार नेत असल्याचं निदर्शनास आलं आहे. सामाईक जागेच्या अशा वापरास पूर्वपरवानगी आवश्यक आहे.’ बैठक झाली. नजरेनं जागा व्यापते का, यावर चर्चा झाली. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी, मग उदबत्तीचा वासही पॅसेजमधूनच जातो त्याचं काय, असा मुद्दा काढला. त्यावर उपसमिती नेमली गेली. अखेर परवानगी मिळाली, अटींसह: नजर फक्त रविवारी न्यावी, टँकर आल्यास ती तात्काळ काढून घ्यावी, आणि पहिली तपासणी सेक्रेटरींची करावी.

रविवारी रांग लागली. हर्षाला हवा होता एकच माणूस, चष्मा नको असलेला. पण आलेले सगळे चष्मा हवा असलेले, आणि तोही फुकट. शिवाय प्रत्येकाजवळ सल्ला होता. कुणी म्हणालं, तळपायाला काशाच्या वाटीनं तूप चोळ, नंबर उतरतो. कुणी म्हणालं, पहाटे दवावर चाल. तुळिंजमध्ये दव नेमकं कुठे पडतं, हे मात्र त्यांना सांगता आलं नाही. एक डोळा झाका म्हटलं की लोक बोटं फाकवून झाकायचे, "मग त्या डोळ्यानं काय करायचं?" असं विचारायचे. आणि ऐन वाचनाच्या भरात पॅसेजमधून कुणीतरी पाण्याची कळशी घेऊन जायचं, की पेशंट म्हणायचा, "म... ग... वहिनी... र."

जयवंतरावांना तिरपा नंबर निघाला. अशा डोळ्यासाठीची काच फ्रेममध्ये गोल फिरवून नेमक्या कोनात बसवावी लागते. हर्षानं ती फिरवली, पण भलतीकडे. जयवंतराव फ्रेमसकट उठले, पॅसेजमध्ये गेले आणि भिंतीला धरून उभे राहिले.

"मला ह्या बिल्डरचा पहिल्यापासून संशय होता," ते म्हणाले. "इमारत कलली आहे."

हर्षा काच फिरवेपर्यंत ते जिना उतरून गेलेही होते, एका बाजूला तोल सावरत, घुबडासारखे. संध्याकाळपर्यंत चौथ्या मजल्यावरच्या लोकांनी आपापली कपाटं दुसऱ्या भिंतीला नेली होती. फ्रेम परत मिळाली; कपाटं मात्र तिथेच राहिली. भार समतोल राहिलेला बरा, असं सगळ्यांचं मत पडलं.

या सगळ्या गडबडीत यमुनाकाकू आपल्या हॉलमध्ये तक्त्याखाली बसून असायच्या आणि कोचरेकरांच्या ओट्याकडे बघून, समोर जो पेशंट असेल त्याला ऐकवायच्या, "आज वांगी वाटतं. सांगा तिला, तेल जरा हात राखून."

हर्षाची आई त्याच पेशंटला सांगायची, "त्यांना सांगा, बोंबील आहेत." मग स्वतःशीच, "मुद्दाम करते. एवढं धडधडीत दिसत असून!"

सगळी इमारत तपासून झाली, तसे जयवंतराव म्हणाले, "काकू, आता तुम्हीच राहिलात."

"मला काय धाड भरलीय?" काकू म्हणाल्या. "टाकीवरचा कावळा नर की मादी ते सांगते मी."

"रेकॉर्ड पूर्ण असावं, म्हणून म्हणतो."

रेकॉर्डसाठी काकू उठल्या. पॅसेज ओलांडून, कित्येक वर्षांनी, कोचरेकरांच्या उंबऱ्याच्या आत आल्या. हर्षाची आई गॅसकडे तोंड करून म्हणाली, "आलेल्या माणसाला पाणी विचारावं कुणीतरी." काकू छताकडे बघत म्हणाल्या, "घरून पिऊन आलंय म्हणावं." मग त्या ऐटीत स्टुलावर बसल्या, एक डोळा झाकला आणि वाचायला लागल्या. धडाधड, वरपासून खालपर्यंत. न अडखळता, न थांबता. शेवटची ओळ झाल्यावर त्यांनी खालचं छापखान्याचं नावसुद्धा वाचलं.

पॅसेजमध्ये लोकांनी टाळ्या वाजवल्या. "डोळे असावे तर असे!" जयवंतराव म्हणाले.

हर्षा भिंतीकडे बघत होता. भिंतीवर तक्ता नव्हता. गॅलरीतल्या वाऱ्यानं तो सुटून दिवाणामागे घरंगळला होता आणि भिंतीवर नुसता खिळा होता. इतके रविवार कानांवर पडून काकूंना सगळा तक्ता पाठ झाला होता, आणि त्यांनी तो खिळ्यावरून वाचून दाखवला होता. बाकी कुणाच्याही हे लक्षात आलं नाही. रांगेतल्या एकालाही भिंत रिकामी दिसली नाही. ते रांगेत उभे होते त्याचं कारणच ते होतं.

हर्षानंही टाळ्या वाजवल्या. त्याचा माणूस त्याला सापडला होता.

पुढच्या रविवारी दुपारी वीज गेली. जेवून सगळी इमारत आडवी झालेली. पंखे थांबले की माणसांच्या झोपा ऐकू येतात. एकेका मजल्यावरून घोरणं पायऱ्या उतरत खाली येत होतं. अशा वेळी हर्षानं काकूंचं दार वाजवलं.

"काकू, एक विनंती होती. शिकायला एक आदर्श डोळा हवाय. पुस्तकात असतो तसा. इमारतीत दुसरा कुणाचा नाही."

काकूंनी पदर सारखा केला. "वाचायला लावशील का पुन्हा?"

"वाचायचं नाही. बोलायचंसुद्धा नाही, तर चालेल. नुसतं लांब बघायचं."

"लांब बघायला मला शिकवू नकोस," म्हणत काकूंनी त्याला आपल्या हॉलमध्ये घेतलं आणि दिवाणावर बसल्या.

त्यानं पडदे ओढले, फटींत वर्तमानपत्रं कोंबली. खोलीत तिन्हीसांज झाली. काकू दिसेनाशा झाल्या. हर्षानं हातभर अंतरावरून रेटिनोस्कोप धरला, आणि यमुनाकाकूंच्या डोळ्यात तो शेंदरी दिवा लागला.

हर्षाला आपण कुठे आहोत याचा विसर पडला. तुळिंज नव्हतं, इमारत नव्हती. काळोखावर एक छोटं लाल तळं तरंगत होतं. त्यानं उजेड उजवीकडे नेला. तळ्यातला उजेड डावीकडे पळाला. वर नेला, खाली पळाला. ठार उलटा. नेल्सननं शिकवलं होतं: उजेड आपल्याबरोबर आला तर प्लसच्या काचा, उलटा पळाला तर लांबचं दिसत नाही, आणि तो पळायचा थांबेपर्यंत मायनसच्या काचा चढवत जायच्या. हर्षा एकेक काच चढवत गेला. काकू काळोखात बोलत होत्या. आदर्श डोळा गप्प बसेना.

"तुझी आई मला वाईट समजते. मी काय, दिसतं ते सांगते. ती बाई तिथे असते ती असते. तुझा बाप घरी आला तरी उभीच. परवा एवढा पाऊस, डोक्यावर छत्री नाही, काही नाही. तीच साडी. मला तर बाई कधीकधी वाटतं, प्रेम असावं तर असं."

"रोज असते?" हर्षानं काच बदलली.

"रोज. सकाळी दूधवाला येतो तेव्हासुद्धा."

उजेड पळता पळता मंदावला, मोठा झाला आणि एका काचेला अख्खी बाहुली एकदम उजळली. इकडे नाही, तिकडे नाही. सगळीकडे पहाट झाल्यासारखी. हर्षानं श्वास सोडला. हातभर अंतराचा हिशेब त्यातून वळता केला, आणि दुसरा डोळाही बघितला. उजवा मायनस साडेतीन, डावा मायनस चार. म्हणजे काकूंना हातापलीकडचं सगळं जग धुक्यात. त्यांनी आजवर सांगितलेल्या बातम्या हर्षाच्या डोळ्यांपुढून एका रांगेत गेल्या. त्यातल्या दोन बातम्यांनी लग्नं मोडली होती.

"झालं?" काकूंनी विचारलं.

त्यानं नंबराच्या काचा फ्रेममध्ये बसवल्या, फ्रेम काकूंना चढवली आणि गॅलरीचा पडदा सरकवला. त्यांच्या मागोमाग, रीत मोडून, तोही गॅलरीत आला.

काकूंनी रेलिंग धरून मान पुढे काढली. मग हळूच म्हणाल्या, "त्या झाडाला सुटी सुटी पानं आहेत."

"हो काकू."

"सगळ्याच झाडांना असतात?"

"बहुतेक."

टाकीवर कावळा नव्हता. तो नळाचा तुटका कॉक होता. काकूंनी तो बघितला आणि सोडून दिला. नजर फिरत फिरत रस्त्याच्या टोकाला गेली आणि थबकली. भजीची गाडी. तिच्या शेजारी, माणसाइतकी उंच, पिवळ्या रंगाची, खाली लाल पट्टा असलेली एक पाटी. काकूंचे ओठ हलायला लागले. या खेपेला त्या अडखळत होत्या, अक्षराअक्षराला थांबत होत्या.

"एस... टी... डी. आय... एस... डी." मोठा श्वास. "पी... सी... ओ. खाली बारीक काय आहे?"

"‘झेरॉक्स काढून मिळेल.’"

"झेरॉक्स," काकू म्हणाल्या. मग त्यांनी फ्रेम काढली, डोळे मिचकावून पुन्हा तिकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला, जणू कुणी ओळखीचं माणूस परत आलंय. पुन्हा फ्रेम लावली. पुन्हा काढली.

हर्षानं मागे दाराकडे बघितलं. पॅसेजपलीकडे त्याची आई झोपली होती. तिला उठवून इथे आणलं की बापाच्या नावावरचा डाग दोन मिनिटांत पुसला जाणार होता. आणि मग काकू आगाशीला येणार नव्हत्या. या जन्मी नाही. स्टूल गेलं. बरं, डाग पुसला म्हणजे काकूंच्या डोळ्यांचा पंचनामा अख्ख्या इमारतीपुढे. आणि त्या डोळ्यांतला दिवा तर त्यानंच लावून बघितला होता.

"आईला सांगणार?" काकूंनी विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता.

"तपासणीतलं बाहेर सांगत नाहीत, काकू. धंद्याचा नियम आहे." हा नियम त्यानं त्याच क्षणी केला होता. पुढे कळलं की तो खरोखरच आहे.

"पण बाबांचं..." तो म्हणाला.

"ते मी बघते. माझं बोलणं मलाच निस्तरू दे." काकू रेलिंगला टेकल्या. "तुझ्या त्या आगाशीच्या दुकानात आपल्या इथलं कुणी येतं का रे?"

"कुणी नाही."

"मग जाऊ."

दुकानात काकूंनी संत लुसियाची तसबीर अगदी जवळ जाऊन निरखली. "बाईनं डोळे काढून हातात घेतलेत. हुशार आहे," असं म्हणून त्या पडद्यामागे गेल्या. इग्नेशियस सरांनी तपासायला इतका वेळ घेतला की हर्षानं काउंटरवरचे सगळे चष्मे दोनदा पुसले. शेवटी सर बाहेर आले.

"डावा पाव नंबरनं चुकलास."

हर्षाच्या हातातला चष्मा खाली आला. "मग, सर?"

"पाव तर माझाही चुकतो. तिला विचारलं, कुणी तपासलं, तर म्हणते, कुणी नाही, मी सहज फिरायला आलेय. असली बाई तू स्टुलावर बसवलीस म्हणजे..." सरांनी पडदा उचलून धरला. "जा आत. स्टूल डुगडुगतं, तेवढं सांभाळ."

काकूंनी सोनेरी काडीची फ्रेम निवडली आणि कसा दिसतो ते विचारलं. "भारदस्त," हर्षा म्हणाला. काउंटरवरून म्हटलेला त्याचा तो शेवटचा शब्द.

पुढल्या रविवारी संध्याकाळी, दोन्ही दारं उघडी असताना, यमुनाकाकू आपल्या हॉलमधून थेट बोलल्या. मध्ये पेशंट नव्हता. चष्मा कुठे दिसत नव्हता. पदराच्या गाठीत काहीतरी होतं.

"अगं, ती गेली हो."

हर्षाच्या आईच्या हातातलं उलथनं थांबलं. "कोण?"

"पिवळी साडीवाली. गाव सोडून गेली. आठ दिवस नीट बघतेय मी. नाही तिथे ती."

आईनं गॅस बारीक केला. वर्षानुवर्षं आखडलेले तिचे खांदे सावकाश खाली आले. "जाणारच होती. माझ्यापुढे किती दिवस टिकणार?" मग क्षणभरानं, "यमुनाताई, चहा टाकतेय. अर्धा कप घ्याल?"

"गॅलरीत घेऊन ये. वारा छान सुटलाय."

सुधाकरराव हॉलमध्ये पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला. चेहऱ्यावर सुटकेचा आनंद दिसेल म्हणून हर्षा बघायला लागला. तो काही दिसेना.

"कुठे गेली म्हणे?" सुधाकररावांनी विचारलं.

ते उठले, इस्त्रीचा शर्ट घातला आणि "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून बाहेर पडले. आईनं चहात साखर घातली. आता धोका नव्हता.

दोघी गॅलरीत चहा पीत बसल्या. हर्षा रेलिंगशी उभा होता. टोकाशी बाबा भजीच्या गाडीजवळ पोचले, कागदाचा पुडा घेतला आणि पिवळ्या पाटीशेजारी उभे राहिले. नुसते. इकडेतिकडे बघत, कुणी येतंय का अशासारखे.

हर्षानं हळूच आपला चष्मा काढला.

पाटी विरघळली, कडा गेल्या, अक्षरं गेली. रस्त्याच्या टोकाला एक बाई उभी होती. पिवळी साडी, लाल काठ. वाऱ्यावर पदर हलत असावा. आणि तिच्या शेजारच्या पांढऱ्या शर्टानं हातातला पुडा जरासा तिच्याकडे केला.

"काय दिसतंय रे एवढं?" यमुनाकाकूंनी विचारलं.

"काही नाही, काकू," हर्षा म्हणाला, आणि चष्मा घालायची त्यानं घाई केली नाही.